ॲप बनवणाऱ्यांनो, आधी आमच्या फोनशेजारी येऊन बसा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मुंबईतल्या तरुण सॉफ्टवेअर कंपन्यांवर दोन पानं छापलीत. फोटो मस्त होते, बीन बॅग, टेबल टेनिस, काचेवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या वगैरे, आणि जवळजवळ प्रत्येक फाउंडर कुठे ना कुठे बोललाय की आम्ही यूजर एक्सपिरियन्सला, म्हणजे ॲप वापरताना माणसाला येणाऱ्या अनुभवाला, सगळ्यात जास्त महत्त्व देतो. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी अशाच छोट्या कंपन्यांमध्ये कस्टमर सपोर्टला काम करते, सध्या मरोळला आहे, म्हणजे ॲपमध्ये अडलं की लोक जो नंबर फिरवतात ना, तो उचलणारी मी. डिझाइनर नाही, इंजिनियर पण नाही. पण हा जो यूजरचा एक्सपिरियन्स म्हणतात तो दिवसभर माझ्या कानावर पडतो, शिव्यांसकट.

माझं म्हणणं असं आहे की या कंपन्यांमध्ये यूएक्सच्या (म्हणजे याच यूजर एक्सपिरियन्सच्या) नावाखाली नुसते स्क्रीन रंगवायचं काम चालतं, आणि माणूस ते ॲप वापरताना त्याच्या शेजारी बसून बघायचं जे खरं काम आहे ते कोणी करतच नाही. त्याला पैसे फार लागत नाहीत, डिग्री लागत नाही, फक्त तासभर तोंड बंद ठेवून बसावं लागतं आणि नेमकं तेच फाउंडर मंडळींना जड जातं.

होतं काय, सांगते. कंपनी काढणारे दोघं-तिघं बहुतेक इंजिनियर, वय पंचवीस-अठ्ठावीस, सगळ्यांकडे महागडे फोन, ऑफिसात फास्ट वायफाय. पहिलं ॲप ते स्वतःच बांधतात, कुठल्या तरी अमेरिकन नाहीतर बेंगळुरूच्या ॲपकडे बघून. मग इन्व्हेस्टरला दाखवायची वेळ आली की कोणीतरी म्हणतं, अरे दिसायला गावठी वाटतंय, मग एक डिझाइनर घेतात. एकच. दहा-बारा डेव्हलपरमागे एक पोरगी, आणि तिच्याकडे ॲपचे स्क्रीन, वेबसाइट, लोगो, इन्व्हेस्टरचं प्रेझेंटेशन, इन्स्टाच्या पोस्ट आणि गणपती-दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा. तिच्याकडे काम येतं तेव्हा फीचर ठरलेलं असतं, कोड अर्धा लिहून झालेला असतो, आणि सांगतात काय तर शुक्रवारपर्यंत फिग्मात (स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जरा छान करून दे. ती म्हणाली मला आधी चार दुकानदारांना भेटायचंय तर उत्तर तयारच, आत्ता वेळ नाही, आधी लाँच करू मग फीडबॅक घेऊ. लाँच होतं. फीडबॅक येतो. पण तो येतो आमच्या टेबलावरच्या फोनवर, आणि प्रॉडक्टची मीटिंग होते वरच्या मजल्यावर, तिथे सपोर्टवाल्यांना बोलवत नाहीत. त्यामुळे या पोरींवर माझा अजिबात राग नाही, उलट मला त्यांची दया येते, शिकून आलेल्या असतात यूजर रिसर्च आणि करतात बॅनर.

आता मला फोनवर काय ऐकायला येतं ते पण सांगते, म्हणजे मी नुसती तक्रार करतेय असं वाटायला नको. आमचं ॲप किराणावाले, स्टेशनरीवाले, मेडिकलवाले अशा दुकानदारांसाठी आहे, उधारी आणि बिलं ठेवायला. पन्नाशी उलटलेले बरेचसे दुकानदार फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवतात. आमच्या ऑफिसात एकाचीही तशी सेटिंग नाही. अक्षरं मोठी केली की 'जमा करा' हे बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि तो स्क्रीन वर सरकतच नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे दिले, काकांनी आकडा टाकला, आणि पुढे काय? खाली बटण आहे हेच त्यांना दिसत नाही. ते फोन करून म्हणतात, ताई तुमचं ॲप पैसे घेतच नाही. मी तिकीट टाकते, म्हणजे डेव्हलपरकडे तक्रार नोंदवते, डेव्हलपर स्वतःच्या फोनवर बघतो, लिहितो 'माझ्याकडे बरोबर चालतंय' आणि तिकीट बंद. बरं त्याचं खोटं नाहीये, त्याच्याकडे खरंच चालतंय!

ओटीपीचं पण तसंच. सात-आठ हजाराचा फोन, मेमरी कमी, त्यात व्हॉट्सॲपवरचे सकाळचे फुलांचे फोटो भरलेले. माणूस ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेला की मागे आमचं ॲप बंद पडतं, परत आला की पहिलं पान, पुन्हा मोबाइल नंबर टाका, पुन्हा नवीन ओटीपी, तोपर्यंत जुना बाद, आणि माणूस जुनाच टाकत बसतो कारण त्याच्या दृष्टीने तो आत्ताच आलाय. हे डॅशबोर्डवर, म्हणजे ऑफिसातल्या आकड्यांच्या पानावर, कसं दिसतं माहितीये? 'लॉगिनला चाळीस टक्के ड्रॉप-ऑफ' असं काहीतरी. (हा आकडा मी उदाहरणादाखल घेतलाय.) आणि मग मीटिंगमध्ये चर्चा होते की बटणाचा रंग हिरवा करूया का. डॅशबोर्ड सांगतो माणूस कुठे गळला, का गळला ते सांगत नाही, ते कळायला त्याच्या बोटाकडे आणि तोंडाकडे बघावं लागतं.

काही अडलं की येणारा एरर मेसेज हा तर माझा आवडता विषय. 'समथिंग वेंट राँग.' अरे पण काय राँग गेलं? नेट गेलं, आकडा चुकला, का सर्व्हर झोपला? दुकानदाराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, पैसे कापले गेले असतील, घाबरून तो तीच एंट्री परत टाकतो आणि उधारी डबल होते, मग गिऱ्हाईक भांडायला येतं. दहा शब्द नीट लिहिले असते, 'नेट नाही, एंट्री फोनमध्ये ठेवली आहे, नेट आलं की जाईल' एवढंच, तर भांडण टळलं असतं. पण मजकूर लिहायचं काम कोणाचं हेच ठरलेलं नसतं, डेव्हलपर कोड लिहितालिहिता जे सुचेल ते टाकतो.

माझी स्वतःची एक परीक्षा आहे, सगळ्या डिझाइनरना फुकट देते. जो स्क्रीन मला फोनवर समजावून सांगता येत नाही तो स्क्रीन वाईट. 'काका, वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतायत का? नाही? बरं मग एक ढगासारखं काहीतरी? त्याच्या बाजूला पेन्सिल?' असं बोलायची वेळ आली म्हणजे त्या चित्रांखाली नाव लिहायला हवं होतं. जिथे चित्राखाली 'हिशोब', 'गिऱ्हाईक', 'बिल' असं सरळ लिहिलंय तिथून आम्हाला फोन येत नाहीत हो, खरंच येत नाहीत.

आणि फोन हातात कसा धरतात, कुठे धरतात? स्टीव्हन हूबर नावाच्या डिझाइनरने २०१३ मध्ये रस्त्यावर, स्टेशनवर, बसमध्ये फोन वापरणाऱ्या १,३३३ लोकांचं निरीक्षण छापलं होतं, त्यात स्क्रीनला हात लावून फोन वापरणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक तो एका हाताने चालवत होते. तो परदेशातला माणूस. त्याला संध्याकाळी सहानंतर दादरला फास्ट लोकलमध्ये चढवला असता तर आकडा कुठे गेला असता कल्पना करा, एक हात हँडलला, खांद्यावर बॅग, आणि उरलेल्या अंगठ्याने जे काय होईल ते. तरी आमची महत्त्वाची बटणं वर उजव्या कोपऱ्यात, जिथे अंगठा पोचतच नाही, कारण मोठ्या मॉनिटरवर तिथे छान दिसतात. ॲपल म्हणतं बटण निदान ४४ पॉइंटचं हवं, गूगल म्हणतं ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं), हे नियम सगळ्यांना पाठ आहेत, पण रिलीजच्या आदल्या रात्री कोण बघतंय. उलट उदाहरण आपल्याच शहरातलं घ्या, लोकलचं टाइमटेबल दाखवणारं एम-इंडिकेटर ॲप. दिसायला काही देखणं नव्हतं, जाहिराती पण असतात, पण नेट नसलं तरी गाडीचं टाइमटेबल उघडायचं, आणि प्लॅटफॉर्मवर धावत असलेल्या माणसाला त्याहून जास्त काय हवं असतं? ज्याने बनवलं त्याला लोकलचा प्रवास माहीत होता हे वापरताना कळतं.

आता पाच माणसांची गोष्ट. या धंद्यात जेकब नील्सन हे मोठं नाव आहे, त्याने २००० साली लिहिलं होतं की पाच लोकांना वापरायला देऊन बघितलंत तर साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यामागचा हिशोब सोपा आहे, एका माणसाला बघून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात, दुसऱ्याला बघताना त्यातल्या काही त्याच दिसतात आणि काही नव्या, असं करत पाचव्यापर्यंत नवीन काही फारसं उरत नाही. यावर नंतर बरेच वाद झाले, ८५ हा आकडा काही देवाने दिलेला नाही आणि प्रत्येक ॲपला तो लागू पडेल असंही नाही, पण त्याच लेखातला पुढचा सल्ला कोणी वाचत नाही. तो म्हणतो एकदम पंधरा माणसं बोलवू नका, पाच बोलवा, दुरुस्त करा, परत पाच, परत दुरुस्त करा, परत पाच. आणि वापरणारे दोन वेगळ्या जातकुळीचे असतील, आमच्यासारखं दुकानदार वेगळा आणि गिऱ्हाईक वेगळं, तर दोन्हीकडचे तीन-चार घ्या. आमच्या ऑफिसातून खाली उतरलं की मरोळ नाक्यापर्यंत पाच काय पन्नास दुकानं आहेत. चहा, वडापाव आणि एक दुपार, एवढा खर्च. तरी फाउंडर म्हणतात रिसर्चला बजेट नाही, आणि त्याच महिन्यात जाहिरातीवर किती उडवले ते मी इथे लिहीत नाही.

पण जाऊन काय करायचं ते पण शिकायला लागतं. एकदा आमच्याकडचे दोघं गेले होते, मी पण सोबत. दुकानदाराने फोन हातात घेतला की हे लगेच बोट दाखवून सांगायला लागले, हे बघा इथे दाबायचं, मग इथे, बघा किती सोपंय, कसं वाटलं? तो काय बोलणार, 'छान आहे, चांगलंय' म्हणाला. पाहुण्याला जेवायला वाढून आमटी कशी झालीय विचारलं तर तो अळणी थोडीच म्हणणार आहे. आपल्याकडे तर समोर शर्टइन केलेला, लॅपटॉपवाला पोरगा बसला की लोक हमखास चांगलंच बोलतात, आणि अडलं तर स्वतःलाच दोष देतात, 'आम्हाला नाही हो जमत हे, आमचा मुलगा करतो.' म्हणून आवडलं का हे विचारूच नये. एक खरं काम द्यावं, उदाहरणार्थ समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी काल साडेतीनशेचं सामान उधार नेलं ते लिहा आणि आज दोनशे दिले ते पण लिहा, आणि सांगावं की करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा, परीक्षा ॲपची आहे तुमची नाही. मग गप्प. तो चुकीच्या जागी दाबेल, तरी गप्प. तुम्हाला हात शिवशिवतील, तरी गप्प. त्याचं बोट जिथे घुटमळतं तिथे तुमचं डिझाइन चुकलंय, तेवढं वहीत लिहा. हे सगळं कोड लिहायच्या आधी कागदावर चौकटी काढूनसुद्धा करता येतं, आणि तेव्हा दुरुस्ती म्हणजे फक्त खोडरबर.

काही हुशार मंडळी म्हणतात आम्हाला भेटायची गरज नाही, आम्ही ए-बी टेस्ट करतो, अर्ध्या लोकांना एक स्क्रीन, अर्ध्यांना दुसरा, जो जिंकेल तो ठेवू. मोठ्या कंपनीला ते शोभतं. शंभरातले दोन लोक पैसे भरतात असं धरा आणि नवीन स्क्रीनमुळे ते दोन पूर्णांक चार दशांश झाले का हे खात्रीने ओळखायचं असेल तर दोन्ही बाजूला साधारण वीस-एकवीस हजार माणसं लागतात, हे आमच्याच डेटावाल्याने मला कॅल्क्युलेटरवर करून दाखवलंय. तुमच्याकडे रोज येतात दोनशे. म्हणजे निकाल लागेपर्यंत सहा-सात महिने, तोवर अर्ध्या कंपन्या बंद पडलेल्या असतात. तरी शनिवार-रविवारचे आकडे बघून सोमवारी 'बी जिंकला' असा मेल येतो!

मराठीचं बोलायलाच हवं. आमच्या ॲपला मराठी आहे, म्हणजे नावाला आहे. आधी इंग्रजीत सगळं होतं, चौकटी पक्क्या होतात, आणि शेवटच्या आठवड्यात मराठी मजकूर त्यात कोंबतात. मग दोन ओळींमधली जागा इंग्रजीच्या हिशोबाने असल्यामुळे वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात, खालचे उकार गायब, बटणावरचा मजकूर लांब झाला की शेवटी तीन टिंबं. शिवाय नाव भरायला फक्त दोन रकाने, पहिलं आणि आडनाव, आता आपल्याकडे आधार आणि रेशन कार्डावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते कुठे लिहायचं या एका प्रश्नावर माझी रोजची दहा मिनिटं तरी जातात. पत्त्याला 'स्ट्रीट' असा रकाना, आणि काकांचा पत्ता 'हनुमान मंदिराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ'.

आणि गंमत बघा, हे सगळं जिथे सुटू शकतं ती जागा आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. पवईला आयआयटीत आयडीसी म्हणून डिझाइनची शाळा १९६९ पासून आहे. विंडोजमधला मंगल फॉन्ट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी तिथेच शिकवायचे. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्रात बाराखडी उघडते तो स्वरचक्र कीबोर्ड तिथलाच, आणि फुकट. मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट कोणीही फुकट वापरू शकतो, देवनागरीसाठी मुद्दाम नीट केलेले. तरी आमच्या ॲपमध्ये मराठी कुठल्या फॉन्टमध्ये दिसतं? फोनमध्ये जो असेल त्यात.

आता जरा कडू विषय. याआधीच्या कंपनीत, नाव नको, सबस्क्रिप्शन चालू करायला एक टॅप आणि बंद करायला आधी तीन पानं खाली जायचं, मग 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं बटण दाबायचं, आणि शेवटी 'कृपया आमच्या प्रतिनिधीशी बोला'. प्रतिनिधी म्हणजे मी. लोक माझ्यावर ओरडायचे, आणि बरोबरच होतं त्यांचं. हे पण कोणीतरी बसून डिझाइन केलेलं असतं बरं का, याला डार्क पॅटर्न म्हणतात, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात असे १३ प्रकार नाव घेऊन दिलेत, खोटी घाई दाखवणं, न विचारता बास्केटमध्ये काहीतरी टाकणं, सबस्क्रिप्शनचा सापळा, नाही म्हणणाऱ्याला लाज आणणं वगैरे. पुढे जून २०२५ मध्ये ई-कॉमर्सवाल्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. मी आत्ताच्या ऑफिसात ही यादी प्रिंट काढून पॅन्ट्रीत लावली तर एका सिनियर माणसाने विचारलं हे काय नवीन. जिथे लोक ग्रोथच्या आकड्यावर बोनस घेतात तिथे यादी कोण वाचणार.

आणि ज्यांना नीट दिसत नाही त्यांचं तर विचारूच नका. ऑनलाइन केवायसीत, म्हणजे ओळख पटवताना, 'डोळे मिचकवा' सांगतात, आणि समोरच्याला मिचकवता येत नसेल तर? ॲसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना इजा झालेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसी सगळ्यांना करता येईल अशी करा. एवढ्या वर कशाला जायचं, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही फॅशन तरी सोडा. वेबच्या नियमांत अक्षर आणि मागचा रंग यांत निदान साडेचारास एक इतका उजळपणाचा फरक सांगितलाय, फुटपाथवरच्या दुकानात दुपारी दोनच्या उन्हात तो पण कमी पडतो.

माझ्याकडून दोन मागण्या आहेत. कंपन्यांकडे ही की, नवीन माणूस घेतला, मग तो डेव्हलपर असो, डिझाइनर असो, नाहीतर खुद्द नवा पार्टनर, पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस त्याला हेडफोन देऊन आमच्या शेजारी बसवा आणि दर रिलीजआधी एक दुपार नाक्यावरच्या दुकानात. सपोर्टवाल्यांना प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये एक खुर्ची द्या, चहा आम्ही आमचा घेऊन येऊ. आणि तुमच्याकडे ही की, पुढच्या वेळी अशा फाउंडरची मुलाखत घ्याल तेव्हा फंडिंग किती मिळालं याच्याबरोबर एवढं पण विचारा की गेल्या महिन्यात तुम्ही किती वापरणाऱ्यांच्या शेजारी बसलात, आणि जे उत्तर येईल ते तसंच छापा.

आपली,
एक वाचक, भांडुप (पू.)

ता.क. हे पत्र तुमच्या पेपरच्या ॲपमधून पाठवणार होते. आधी पूर्ण पानाची जाहिरात आली, तिची फुली इतकी बारीक की दोनदा जाहिरातच उघडली, आणि 'पत्र पाठवा' कुठे आहे ते शेवटपर्यंत सापडलं नाही, म्हणून ईमेल करतेय. तुमच्याकडे सपोर्टला जे कोणी असेल त्यांना हे जरूर दाखवा, त्यांना बहुतेक आधीच माहीत असेल.